गोष्टीतल्या बायका
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्याशी लहान मुलांच्या गोष्टींविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्ही इथे अक्षरे शिकायला आलो, गोष्टी तर आम्हाला येतातच. खरे आहे. येतात म्हणूनच बोलायचे. या वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्या तरी आज्या आहेत. रात्री जेवणे झाली, भांडी पालथी पडली, की नातवंडे तुमच्या गोधडीत शिरतात. हल्ली मोबाईल हातात असला तर शिरत नाहीत. पण त्याची बॅटरी संपली की आजीच आठवते.

मूल पाटी हातात धरते त्याच्या आधी गोष्ट ऐकते. पहिलीत नाव घालायला येते तेव्हा राजा, राणी, वाघ, कोल्हा, म्हातारी, चिमणी ही सगळी मंडळी त्याच्या ओळखीची झालेली असतात. कोणी लढायचे, कोणी भ्यायचे, कोणी घर सोडून जग बघायला जायचे आणि कोणी खिडकीत बसून वाट पाहायची, हेही त्याच्या मनात बसलेले असते. आम्ही ३४ वर्षे मास्तरकी केली. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच, पण मुले पुष्कळ पाहिली. पहिलीतल्या मुलीला विचारावे, तू मोठी होऊन काय करशील? ती पटकन सांगत नाही. शेजारचा मुलगा मात्र पोलीस, ड्रायव्हर, सैनिक अशी तीन-तीन नावे सांगून मोकळा होतो. हा फरक शाळेने केलेला नसतो. शाळेत तर ती कालच आलेली असते.

आता आपल्या गोष्टी एकेक करून पाहू.

एक होता राजा, त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. ही सुरुवात कोणाला माहीत नाही? आम्ही वर्गात ही गोष्ट निघाली की मुलांना विचारायचो, नावडती राणी नावडती का होती? तिने काय केले होते? मुले विचारात पडत. कारण गोष्टीत त्याचे उत्तरच नसते. तिने काही केलेले नसते. राजाला आवडली नाही, एवढाच तिचा गुन्हा. आवडतीनेही काही विशेष केलेले नसते. दोघींचे सगळे नशीब तिसऱ्याच्या मर्जीवर. श्रावणातली शिवामुठीची कहाणी तुम्ही दरवर्षी ऐकता. तिथे राण्या नाहीत, सुना आहेत. तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे खायला, जाडेभरडे नेसायला, गोठ्यात राहायला आणि काम गुरे राखायचे. पुढे व्रत करून ती आवडती होते. व्रताला आम्ही नावे ठेवत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण जरा बघा, गुरे कोण राखत होते? नावडती. म्हणजे त्या घरातली कामाची बाई तीच. तिने राखलेल्या गुरांच्या दुधावर तीन आवडत्या जगत होत्या. ही गोष्ट सांगताना एवढे एक वाक्य आपण घातले, की "बाई गं, साऱ्या घराचं दूध तिच्या हातचं होतं," तर ऐकणारी पोर नावडतीकडे निराळ्या नजरेने बघते. गोष्ट मोडत नाही, व्रत मोडत नाही.

आणि त्याच श्रावणातली दुसरी कहाणी घ्या, खुलभर दुधाची. आम्हाला विचाराल तर सगळ्या कहाण्यांत ही आमची आवडती. ती नीट सांगतो.

राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, सोमवारी सगळ्यांनी घरातले सगळे दूध देवळात आणायचे. राजाची आज्ञा. लोक घाबरले. वासरांना दूध ठेवले नाही, पोरांना ठेवले नाही, सगळे नेऊन ओतले. गावचे दूध गाभाऱ्यात पडले, तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरचे काम उरकले होते, मुलाबाळांना पाजले होते, लेकीसुनांना जेवू घातले होते, वासरांना तृप्त केले होते. मग उरलेले खुलभर दूध, म्हणजे एवढेसे, ते घेऊन आली. भक्तीने पूजा केली, दूध ओतले आणि निघाली. इकडे गाभारा काठोकाठ भरला. पुढच्या सोमवारी पुन्हा तसेच. राजाला उलगडा होईना. शेवटी तो स्वतः गाभाऱ्यापाशी बसून राहिला आणि म्हातारीला धरले. ती भ्याली. पण तिने आधी अभय मागून घेतले आणि मग स्पष्ट सांगितले, तुझ्या आज्ञेने वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, ते देवाला कसे आवडेल? राजाने पुन्हा दवंडी पिटली, आधी घरातल्या पोराबाळांना, मग देवाला.

ही बाई बघा. शिकलेली नाही. हातात काठी. सारे गाव राजाच्या धाकाने एका बाजूला धावले, पण ही आपल्या डोक्याने चालली. आज्ञा चुकीची आहे हे तिला कळले, आणि जे करायचे ते तिने गाजावाजा न करता केले. विचारल्यावर मात्र लपवले नाही. अभय आधी मागितले, ही तर वकिलाची हुशारी. आम्ही कित्येक घरांत ही कहाणी ऐकली आहे. बहुतेक ठिकाणी चमत्कार रंगवून सांगतात आणि म्हातारी राजाशी जे बोलते ते घाईने उरकतात, कारण तोवर नैवेद्याची वेळ झालेली असते! खरे तर तिथेच थांबायला हवे.

पेपरात आजकाल स्त्रीवाद, स्त्री-पुरुष समता असे मोठे शब्द येतात. कोणाला ते परके वाटतात. कोणी म्हणतात, ही सगळी शहरातली खुळे. आम्ही म्हणतो, शब्द नवा असेल, पण ती म्हातारी नवी नाही.

तिच्याच नात्यातली दुसरी म्हातारी भोपळ्यातली. ही गोष्ट सांगायला नको, दोन वर्षांच्या पोरालाही येते. म्हातारी लेकीकडे निघाली. वाटेत जंगल, जंगलात वाघ नि कोल्हा. खाणार म्हणाले. ती म्हणाली, आता हाडेच आहेत, लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा. परतताना लेकीने भोपळा दिला, त्यात बसून ती घरी आली.

आम्ही एकदा तिसरीच्या वर्गाला विचारले, या गोष्टीत शूर कोण? निम्मा वर्ग ओरडला, वाघ! वाघाने बिचाऱ्याने काय शौर्य केले होते ते त्यालाच ठाऊक. काही म्हणाले म्हातारी. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "तिची लेक. तिनं भोपळा कोरला." आम्हाला हे उत्तर फार आवडले. कारण म्हातारीची अक्कल सगळ्यांना दिसते, पण तेवढा मोठा भोपळा आतून कोरायचा, त्यात माणूस मावेल आणि गुदमरणार नाही असा करायचा, हे काम लेकीचे. स्वावलंबन म्हणजे कोणाची मदत घ्यायची नाही असे नव्हे. निघायचे आपल्या पायांनी, बोलायचे आपल्या तोंडाने, आणि जिथे दुसऱ्याच्या हाताची गरज आहे तिथे तो हात घ्यायचा. दोघी बायकांनी मिळून वाघाला चकवले. त्यात ना राजपुत्र आला, ना शिकारी.

या गोष्टीने एकदा आमचे कामही केले. आमच्या शाळेतून सातवी पास झालेली एक मुलगी होती. पुढची शाळा चार किलोमीटरवर. मध्ये ओढा, उसाची शेते, सडकेला वर्दळ कमी. बापाने सांगितले, झाली तेवढी शाळा पुरे. त्याची भीती खोटी नव्हती, हे आम्ही आजही म्हणू. आम्ही घरी गेलो. त्याने चहा पाजला, बसायला सतरंजी घातली आणि नकार दिला. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अरे, रोज रात्री मी पोरीला म्हातारीची गोष्ट सांगते. म्हातारी एकटी जंगलातून जाते नि परत येते. आता पोरगी विचारेल, आजी, तू खोटं सांगत होतीस का गं? तर मी काय सांगू?"

बाप हसला. त्या दिवशी हो म्हणाला नाही. चार दिवसांनी म्हातारीने आपला बोकड विकला आणि जुनी सायकल घेतली. शेजारच्या वस्तीवरची आणखी एक मुलगी सोबत निघाली. पोरगी त्या सायकलला भोपळा म्हणायची. दहावी झाली. बारावीला गणितात अडली, मग लग्न झाले. पण सासरी राहून पुन्हा बसली आणि सुटली. आज ती अंगणवाडीत सेविका आहे. तिथल्या पोरांना ती कोणती गोष्ट सांगते, ते आम्ही विचारलेले नाही, पण अंदाज आहे.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत आम्ही फार वेळ घालवत नाही. चिमणी सारखी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, झोपवते, आणि दारात भिजणाऱ्याला उभे ठेवते. काही घरांत शेवटी कावळ्याला चटकाही देतात, ते आम्हाला बरे वाटत नाही. पण एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. मेणाचे ते घर चिमणीचे आहे. दार उघडायचे की नाही, हे तीच ठरवते. आता तुमच्यापैकी किती जणींच्या घराच्या कागदावर तुमचे नाव आहे? कायदा तर झाला आहे. हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. तरी हक्कसोड पत्रावर बहिणींचे अंगठे अजून पडतात. अंगठ्याच्या जागी सही आली म्हणजे निदान कागदावर काय लिहिले आहे ते आधी वाचता येईल. म्हणून तर हा वर्ग.

आता हिरकणी. ही दंतकथा रायगडाची. गवळण गडावर दूध घालायला गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले. हुकूम असा की सूर्य मावळल्यावर दार उघडायचे नाही. खाली घरी तान्हे मूल. पहारेकरी ऐकेनात, तेव्हा ती अंधारात कड्यावरून उतरून गेली. महाराजांना कळले, त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असे सांगतात. आजही त्याला हिरकणी बुरूज म्हणतात आणि गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. एस. टी.ने आपल्या निमआराम गाडीला तिचे नाव दिले. बसस्थानकात अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. (आणि १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. वर्गाला उशीर झाला की बाजाराची गाडी होती असेच ऐकतो!)

शाळेत ही गोष्ट शिकवून झाली की प्रश्न ठरलेला असतो, या गोष्टीतून काय दिसते? उत्तरही ठरलेले, आईचे प्रेम. बरोबर आहे. पण प्रेम पुष्कळ आयांना असते, कडा सगळ्यांना उतरता येत नाही. तिला उतरता आला, कारण तो डोंगर तिच्या पायाखालचा होता. रोज डोक्यावर दूध घेऊन चढायचे, रोज उतरायचे. कुठे दगड पक्का, कुठे घसरण, हे तिला पहाऱ्यावरच्या शिपायांपेक्षा जास्त ठाऊक असणार. ती कमावती बाई होती. दूध विकून घर चालवत होती. तिचे पाय, तिची नजर, तिचा धंदा, हे सगळे आपण गोष्टीतून गाळतो आणि फक्त पदर ठेवतो. मुलींनी हिरकणीकडून मायाच शिकायची की डोंगर चढणेही?

एका मुलाने आम्हाला विचारले होते, गुरुजी, बाळाचे बाबा कुठे गेले होते? वर्ग हसला. आम्ही नाही हसलो. प्रश्न रास्त होता.

आणखी एक गंमत पाहा. हिरकणीला नाव आहे. बाकी कोणाला आहे? राजाची राणी, कावळ्याची शेजारीण, गावातली म्हातारी, ब्राह्मणाची बायको, कोळ्याची लेक. पुरुषालाही कधी कधी नाव नसते, पण बाईला बहुतेक नसतेच. ती कोणाची तरी कोणीतरी असते. कागदावरही पुष्कळ दिवस तसेच चालले. आईने पोराला नऊ महिने वाढवायचे आणि शाळेच्या दाखल्यात मधले नाव बापाचे. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असे सरकारी कागदांवर लिहायचे ठरले आहे. तेव्हा गोष्टीतल्या म्हातारीलाही एक नाव द्यायला काय हरकत आहे? चंद्रभागा म्हणा, सोनाबाई म्हणा.

मुलींचेच बोललो, मुलांचे राहिले. मुलगी शूर झाली आणि मुलगा तसाच राहिला, तर ती घरात दुप्पट राबणार, एवढाच फरक. साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक १९३५ मध्ये निघाले. त्यातल्या पहिल्याच रात्रीची हकिगत वटसावित्रीची आहे. आई आजारी, तिच्याने वडाला प्रदक्षिणा होईनात. ती श्यामला म्हणते, माझ्याऐवजी तू घाल. श्यामला लाज वाटते, बायका हसतील, मुले चिडवतील. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. बायकांचे म्हणून ठरलेले काम मुलाने चारचौघांत करायचे, आणि त्यात लाजायचे नाही, हे त्या काळी लिहिले गेले. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई नि बाबा दोघे मिळून भाजी निवडताहेत असे चित्र आले, तेव्हा लोकांना फार नवल वाटले. आम्हाला त्या चित्रापेक्षा लोकांच्या नवलाचे नवल वाटले. भाजी निवडायला दोन हात आणि दोन डोळे लागतात, ते बाबांनाही असतात.

नव्या गोष्टी लिहिणाऱ्यांविषयीही थोडे बोलायचे आहे. काही पुस्तके आमच्याकडे वाचायला येतात. त्यांत आठ वर्षांची मुलगी सरपंचाला अर्धे पान उपदेश करते आणि सगळे गाव लगेच सुधारते. हेतू चांगला, पण गोष्ट मेलेली. मुले असले पान उलटतात. जुन्या पुस्तकांत खाली 'तात्पर्य' छापलेले असे, तेही कोणी वाचत नसे. बाईने काय केले ते दाखवा, कसे केले ते दाखवा, मुलांना बाकीचे कळते.

आणि कल्पनेतल्या गोष्टी कमी पडल्या तर खऱ्या पुष्कळ आहेत. मुक्ता साळवे ही फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. वय अवघे १४ च्या आसपास. १८५५ मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'त छापला गेला. भिडे वाड्यातली मुलींची शाळा १८४८ सालची. म्हणजे मुली शाळेत बसू लागून सात वर्षे झाली नाहीत तोच एक पोर साऱ्या समाजाला जाब विचारू लागली. ही गोष्ट रात्री सांगायला काय वाईट?

दुसरी रखमाबाईंची. जन्म १८६४, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न लावून दिले, पण त्या आईकडेच राहिल्या, वाचू लागल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, नंतर फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. कोणी विचारले नसताना लावलेले लग्न मला मान्य नाही, ही त्यांची भूमिका. शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेला व पुढे राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. १९५५ मध्ये त्या वारल्या. राक्षस, जादू, उडता घोडा यांतले काहीही नाही, तरी आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा पाचवीचा वर्ग घंटा वाजली तरी उठला नव्हता.

असे बोलले की कोणीतरी हटकून म्हणते, गुरुजी, असल्या गोष्टी ऐकून पोरी शेफारतील, उलट बोलतील. उलट बोलतील, थोडे दिवस बोलतीलच. खुलभर दुधाची म्हातारी राजाशी उलटच बोलली. पण ती देवळाकडे निघाली ती घरातली पोरे-वासरे पाजून. ज्या बाईला स्वतःचे डोके वापरता येते ती घर मोडते, असे आम्ही तरी पाहिले नाही. डोके वापरायची सवय नसलेली मुलगी सासरी, रुग्णालयात, बँकेत, तहसीलच्या खिडकीपाशी कशी गोंधळते आणि कशी फसवली जाते, ते मात्र पुष्कळ पाहिले. नवरा गेल्यावर निराधार पेन्शनचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो आणि भरून देणारा त्याचेही पैसे घेतो. अशा बाईला लहानपणी कोणीतरी गोष्ट सांगितलीच असेल. कोणती सांगितली असेल?

बरे, वेळ झाली. शुक्रवारच्या वर्गाला प्रत्येकीने एक गोष्ट घेऊन यायचे. आईकडून ऐकलेली, आजीकडून ऐकलेली, कोणतीही. तिच्यातल्या बाईला नाव द्यायचे आणि तिने काय काम केले ते तीन ओळींत लिहायचे. काना-मात्रा चुकला तर चुकू द्या. जोडाक्षर अडले तर जागा मोकळी सोडा, आपण मिळून भरू. पाटी नको, वही आणा. ज्यांच्याकडे वही नाही त्यांना ट्रस्टच्या कपाटातून मिळेल. आणि नातवंडांना सोबत आणले तरी चालेल, फक्त त्यांना पुढच्या ओळीत बसवू नका, ती तुमच्या आधी उत्तरे सांगतात.